चार पट्ट्या, एक रीळ

साखरा,
१० फेब्रुवारी २०२५

आकांक्षा,

जयभीम. माझी तब्येत बरी आहे असं लिहायची चाल आहे म्हणून लिहिलं. गुडघा कामातून गेलाय, पण तू सहा वर्षांत विचारलं न्हाईस तर मी काहून सांगू.

तुझ्या संस्थेचं पाकीट घरी आलं. वर तुझं नाव होतं. मी फोडलं. माझ्या दारात आलेलं पाकीट मी फोडणार, त्यात विचारायचं काय? आत सगळं इंग्रजी. शेजारच्या राणीला दाखवलं असतं तर दुपारपर्यंत साखऱ्यातल्या म्हशींना पण कळलं असतं. म्हणून जीपनं गोरेगावला गेले. तुझ्या बापाच्या मोटार-रिवायंडिंगच्या दुकानावरून न जाता मागच्या बोळीनं गेले आन झेरॉक्सवाल्याकडून वाचून घेतलं. तो नवा आहे, परभणीकडचा, आपल्याला ओळखत न्हाई. तरी त्याला सांगितलं की पाकीट माझ्या भाच्याच्या पोरीचं आहे.

त्यानं वाचलं ते असं. तू तांब्यात कसली तरी पूड घालून पट्ट्या केल्या. त्या लई मजबूत निघाल्या असं तू लिहिलंस. आता उरलेल्या चार पट्ट्या सापडत न्हाईत. अठ्ठावीस मार्चला समितीपुढं त्या ठेव, न्हाई तर तुझं लिहिलेलं धरणार न्हाईत आन तुझी चौकशी लावणार. खाली तक्रार कुणाची, तर तुझ्याच सरांची. उद्धव म्हणून नाव आहे.

एक सांग. पट्ट्या होत्या का? की नुसत्या कागदावर होत्या? मला खोटं लिहू नको, मला खोट्याचा लांबून वास येतो.

फोन करू नको. तुझा बाप फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवतो आन मोटार खोलत बसतो. ज्याची मोटार असेल तो सगळं ऐकतो. आन चिठ्ठी सेनगावच्या टपालात आली तरी वाटतो आपला पोस्टमन वसरामच. तो पाकीट उन्हात धरून बघतो, म्हणून जाड कागदात घालून पाठव.

दुकानातलं रीळ गेलं तवा जे झालं ते मी काढत न्हाई. तू पण काढू नको.

भागूबाई


साखरा,
२४ फेब्रुवारी

आकांक्षा,

पत्र पोचलं. पहिल्याच ओळीत तू लिहिलंस, "चोर म्हणायला घरचं माणूस आधी, परके नंतर, असंच ना आजी?" वाचलं. काढू नको म्हटलं तरी काढलंसच. तर मंग मी पण लिहिते, म्हंजे दोघींचं सारखं होईल. उकंडरावाच्या विहिरीवरच्या मोटारीसाठी तांब्याच्या तारेचं नवं कोरं रीळ आणलं होतं. ते दुकानातून गेलं. त्याआधी शेवटी दुकान तू बंद केलं होतंस. मी गोरेगावच्या बाजारात चार माणसांत म्हणाले की पोरीनं विकलं. तू दुसऱ्या दिवशी पुण्याची बस धरलीस. मी काही दिवस शोधलं, मंग सोडून दिलं. झालं.

आता कामाचं. पट्ट्या होत्या म्हणतेस. ओढायच्या यंत्रात धरता याव्या म्हणून मधे बारीक आन टोकाला रुंद, डमरूसारख्या. एका डबीत चार, डबी कपाटात, आन जानेवारीच्या शेवटी डबीच न्हाई. नवीन करावं तर भट्टीची पाळी मे महिन्यात.

तू समजावलंस ते मी दोनदा वाचलं. पेन्सिलीच्या शिशाचा एकच पापुद्रा, डोळ्याला न दिसणारा, त्याला तुमी ग्राफीन म्हणता. पापुद्र्यात ताकद लई, पण तांबं त्याला जवळ घेत न्हाई. तांबं आपल्या जागी, पापुद्रा आपल्या जागी. वरून ओढलं की पापुद्रा तांब्यातून साबणाच्या वडीसारखा निसटतो, आन त्याची ताकद त्याच्यापाशीच राहते. इथवर कळलं. अशी माणसं मी पाहिलीत.

पण पुढं तू लिहितेस की पापुद्रा पुरता साफ केला न्हाई, त्याला प्राणवायूचा थोडा अंश चिकटू दिला, तर तांबं त्यालाच धरतं आन पकड वाढते. इथं मी चष्मा काढून ठेवला. तुला तार जोडायला कुणी शिकवलं? मी. वरचं इनॅमल खरवडून तांबं चकचकीत केल्याबिगर जोड धरत न्हाई, हे तुला मी आठव्या वर्षी दाखवलं. कळकट ठेवल्यानं जोड पक्का झाला असं मी बहात्तर वर्षांत पाहिलं न्हाई. मला पटत न्हाई तर तुझ्या सरांना काहून पटावं? थोडाच अंश, जास्त झाला की तांबंच ठिसूळ, असं लिहिलंस. थोडा म्हंजे किती ते तुला ठाऊक आन त्या पट्ट्यांना ठाऊक.

तुझ्यावर भरोसा न्हाई असं समजू नको. माझा कुणावरच न्हाई. मोटारीत तार भरताना तू वेढे मोठ्यानं मोजायचीस, तुझं झालं की मी परत मोजायची. तुझा आकडा एकदा पण चुकला न्हाई. तरी मी मोजायची.

त्या खोलीत कोण कोण जातं ते लिही. आन डबी गेल्यावर कोण काय करून राहिलं ते तारखेसकट लिही.

भागूबाई


साखरा,
८ मार्च

आकांक्षा,

खोलीत जाणारे तिघंच, तू, चिन्मय आन सर. बरं झालं, माणसं कमी असली की डोकं कमी दुखतं.

हा चिन्मय मला बरा दिसत न्हाई. तुझ्या आधी दोन वर्षं तिथं आहे, त्याचं काम अजून पुरं न्हाई, तुझं होत आलं. आन तो तुला चहा आणून देतो, "आकांक्षा, काळजी करू नकोस, सापडेल," म्हणतो. इतकं गोड माझ्याशी आजवर फक्त विमावाला बोललाय. तू लिहितेस तो गुडघ्यावर बसून कपाटाखाली हात घालतो, पत्र्यानं त्याची बोटं कापली. हात कापून घेणारे पण असतात. रक्त दाखवलं की कुणी शंका घेत न्हाई. त्याच्याकडं ध्यान दे. अजून शोधतो का, की थांबला, ते मला कळव.

सरांचं तू थोडंच लिहिलंस. भ्यालीस का? पहिला आठवडा रोज ओरडले, खण उपसले, सगळ्यांच्या देखत म्हणाले की पट्ट्या नव्हत्याच, असत्या तर सापडल्या असत्या. त्यातच समितीला तक्रार दिली. मंग पुढं? पुढं पान कोरं आहे. पुढं ते काय करून राहिले ते लिही. रोजचं लिही.

इकडं तुझ्या बापानं मला धरलं. मी लिहीत बसले होते आन तो जेवायला अवचित आला.

"आये, कुणाला लिहून राहिली?"

"तुझ्या सासऱ्याला."

"त्यो वारून धा वर्सं झाली."

"म्हणूनच लिहिते. जित्या माणसाला तू लिहू देतो का?"

मुंजाजीनं ताटात भाकरी मोडली आन खाली बघून म्हणाला, "आकांक्षाला लिहीत असशील तं माझा बी जयभीम लिही. माझ्याशी ती दोन मिंटं बोलती. पोटभर कधी बोलली न्हाई, आये. सा वर्सं झाली."

मी म्हणाले, पोळी वाढू का. तो म्हणाला, नको.

त्याचा जयभीम लिहिला. पोचता झाला.

भागूबाई


साखरा,
१८ मार्च

आकांक्षा,

हे पत्र हिंगोलीला जाऊन स्पीड पोस्टानं टाकते. तू एकटीच बसून वाच. वसरामच्या हातात देणार न्हाई. वाचून झालं की जाळ, न्हाई तर ठेव, तुझी मर्जी.

तुझं पत्र वाचलं आन चिन्मयवरचा माझा संशय गेला. तू लिहितेस, गेल्या आठवड्यात पण त्यानं भट्टीमागची जाळी काढून बघितली. ज्याला ठाऊक न्हाई तोच शोधतो. सर एकोणतीस जानेवारीला तक्रार देऊन बसले. पाच फेब्रुवारीपर्यंत रोज ओरडले. सहा तारखेपासून म्हणतात, "जाऊ द्या, शोधण्यात वेळ घालवू नका." कपाटाकडं बघत न्हाईत. तू समोर आलीस की मोबाइल काढतात. मधेच तुला विचारलं की नवीन पट्ट्यांना तांब्याची पूड हवी का, मी मागवतो. आधी कधी पूड विचारली होती का त्यांनी?

पोरी, डबी त्यांना सापडली. सहा फेब्रुवारीला.

चोरली म्हणत न्हाई मी. चोरणारा आधी इतका ओरडत न्हाई, आन ओरडलाच तर मधेच थांबत न्हाई. सरांनीच कुणाला तरी दाखवायला नेली असेल, पिशवीत, गाडीत, कागदात राहिली असेल, आन विसरले. मंग तक्रार देऊन बसले. मंग सापडली. आता काय तोंडानं सांगायचं?

हे मला कुणी शिकवलं असं तू विचारशील. लिहिते. एका दमात लिहिते, मधे थांबले तर लिहिणार न्हाई.

त्या साली आपल्याकडं शेतातल्या मोटारीची तार चोरून नेत होते. कोंडीबाच्या विहिरीवरची केबल सुद्धा कापली होती. दुकानात नवं रीळ ठेवायला माझं मन धजेना. तू दुकान बंद करून गेलीस, त्याच्यानंतर मी परत गेले, माझ्याकडची किल्ली लावली, रीळ पिशवीत घातलं आन घरी आणलं. ज्वारीच्या कोठीत वरून हात खुपसून खाली घातलं. कुणाला सांगितलं न्हाई. तुझ्या बापाला पण न्हाई. एकाला सांगितलं की साऱ्या गावाला कळतं, असं माझं म्हणणं. दुसऱ्या दिवशी उठले ती तापानं. चार दिवस अंगाची शुद्ध नव्हती, सरकारी दवाखान्यात सलाईन लावली, दुकान बंदच राहिलं, ते तुला आठवत असेल. तू उशाशी होतीस. बरी झाले आन दुकानात रीळ न्हाई म्हणून बोंब झाली, तवा माझ्या डोक्यात फक्त एवढं राहिलं की दुकान तू बंद केलं होतंस.

पुढचं तुला ठाऊक आहे.

ज्वारी कोठीच्या तळाला लागली ती आठ महिन्यांनी. मापटं भरायला वाकले आन बोटाला गार लागलं. रीळ जसंच्या तसं. दाणा अडकला होता तारेत.

मी तवाच शोधणं थांबवलं. तोपर्यंत रोज कुणाकुणाचं नाव घेऊन बडबडायची, त्या दिवसापासून म्हणायला लागले, जाऊ द्या, गेलं ते गेलं. तुझ्या बापाला म्हणाले, पोरीला कपडे पाठव, काही हवं का विचार. कुणाला शंका आली न्हाई. सगळ्यांना वाटलं म्हातारी नरमली.

रीळ ट्रंकेत घातलं. वर पांढरं लुगडं. दर भीमजयंतीला लुगडं काढते आन दर जयंतीला ते दिसतं. पाच वेळा दिसलं.

का सांगितलं न्हाई? एकदा चार माणसांत बोलले होते. परत फिरायला चार माणसांतच फिरावं लागलं असतं. कुणी येऊन म्हणालं असतं, भागूबाई, तुझ्याच हातून कुठं ठेवलं गेलं असेल, काढून ठेव, आमी विचारत न्हाई, तर मी त्याच दिवशी काढून ठेवलं असतं. कुणी म्हणालं न्हाई. काहून म्हणतील? सगळ्यांना माझ्या जिभेची धास्ती.

आता तू काय करायचं ते ऐक. सरांवर आळ घेऊ नको. तुझ्याकडं पुरावा न्हाई, आन आळ घेतला तर ती डबी मुळा-मुठेत जाईल. उलट तिघं बसाल तवा म्हण, डबीवर मी नाव बारीक लिहिलं होतं, माझीच चूक, कुणाच्या कागदांत नजरचुकीनं गेली असेल, सापडली तर माझ्या टेबलावर ठेवा, मी विचारणार न्हाई. एवढं म्हणून चिन्मयला घेऊन जेवायला जा. खोली उघडी ठेव. तासभर परत फिरकू नको.

तू म्हणशील, चूक न करता मी काहून अंगावर घेऊ? थोडीच घे. तूच लिहिलंस ना, पुरतं साफ राहिलं की तांबं जवळ घेत न्हाई. तुझं म्हणणं खरं असेल तर इथं पण चालेल. खोटं असेल तर ते पण कळेल.

भागूबाई


साखरा,
२ एप्रिल

आकांक्षा,

तुझ्या बापाकडून कळलं. तू त्याला फोन केलास, त्यानं स्पीकरवर टाकला, म्हणून दोन गिऱ्हाइकांना माझ्या आधी कळलं.

डबी सोमवारी जेवून येईपर्यंत टेबलावर आली म्हणे. नाव लिहिलेली बाजू वर करून ठेवलेली. कुणी विचारलं न्हाई, कुणी सांगितलं न्हाई. सरांनी तक्रार आपल्या हातानं मागं घेतली आन समितीपुढं एक पट्टी यंत्रात ओढली तवा शेजारी उभे राहिले. तुझ्या लिहिलेल्या आकड्याला पट्टी उतरली. तुझ्या बापाला आकडा सांगता आला न्हाई, पण दोन्ही गिऱ्हाइकांना त्यानं चहा पाजला.

मला तुझं पत्र न्हाई. स्पीड पोस्टची पावती माझ्याकडं आहे, पोचल्याचं हिंगोलीच्या खिडकीवरून विचारून घेतलं. म्हंजे तू वाचलंस. वाचून गप आहेस. तुझ्या बापाला पण तू रिळाचं काही बोलली न्हाईस. मी त्याच्या तोंडाकडं रोज बघते, त्याला ठाऊक न्हाई.

सरांसारखी मला पण परत फिरायला वाट ठेवून राहिलीस का? माझंच औषध मला?

भागूबाई


साखरा,
१७ एप्रिल

आकांक्षा,

काल पाकीट आलं. वसरामनं उन्हात धरून बघितलं असणार, कारण मला म्हणाला, "मावशी, आत काहीतरी धातूचं हाय." मी म्हणाले, बंदुकीची गोळी आहे, तुझ्यासाठी मागवली.

आत पट्टीचा अर्धा तुकडा आन चिठोरं. चिठोऱ्यावर एकच ओळ, "कुठं आणि कशी तुटली ते बघ." जयभीम न्हाई, आजी न्हाई.

बघितली. दुकानातलं भिंग आणून बघितली. कडक झालेली तार तुटते तवा खटकन तुटते, दोन्ही तोंडं सपाट. मला वाटलं होतं अशीच असेल, नुसता कडकपणा, दोन दिवसांचा. पण ही आधी लांबली आहे. तुटायच्या जागी मान बारीक झाली आहे. म्हंजे ओढ सोसली, सोसत सोसत लांबली, आन मंग सुटली. ह्यात आत काहीतरी एकमेकाला धरून होतं. कळकट ठेवून पकड आली, हे मी आता मानते. डोळ्यानं बघितलं म्हणून मानते, तू म्हणालीस म्हणून न्हाई, हे पण लिहून ठेवते.

आता माझं ऐक. चौदाला सकाळी पांढरं लुगडं काढलं. नेसले, विहारात जाऊन वंदना केली. ट्रंक उघडीच ठेवली होती. परत आले, रीळ पिशवीत घातलं, लुगडं न बदलता जीपमधे बसले. जयंतीची गर्दी, सगळे मला जागा देऊन राहिले. मी पिशवी मांडीवर धरून बसले होते.

दुकानापुढं माणसं होतीच. उकंडराव पण होता, मिरवणुकीच्या जनरेटरचं काहीतरी घेऊन आला होता. मी रीळ टेबलावर ठेवलं आन म्हणाले, हे सहा वर्षांपूर्वीचं. मीच घरी नेलं होतं, मीच विसरले, पाच वर्षांपूर्वी कोठीत सापडलं, तवापासून मी गप आहे. पोरीनं काही विकलं नव्हतं. ज्यांनी तवा ऐकलं त्यांनी हे पण ऐका.

मंग उकंडराव म्हणाला, "मावशी, ती मोटार तं मी कवाच भंगारात घातली."

तुझा बाप रिळाकडं बघत राहिला. त्यानं तारेतला ज्वारीचा दाणा नखानं काढला, खिशात घातला. माझ्याशी दोन दिवस बोलला न्हाई. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आये, भाकरी वाढ." एवढंच. त्याचा हक्क आहे. तुझा तर त्याहून जास्त. तू बोलू नको म्हटलं तर मी सोसीन, लांबीन, पण बोल म्हणून मागं लागायला तुला फोन करणार न्हाई.

एक काम मात्र अडलं आहे. गोरेगावच्या पाणीपुरवठ्याची मोटार जळून दुकानात आली. तुझा बाप म्हणतो ह्याच रिळातली तार घालायची, दुसरी घालायची न्हाई. तो हात लावून बसला आहे, काम सुरू करत न्हाई. माझी बोटं आता थरथरतात, वेढे घालीन, पण मोजता मोजता आकडा निसटतो. मोजायला माणूस लागतंय. राणी येते म्हणाली, मी न्हाई म्हणाले.

मे महिन्यात तुझी भट्टीची पाळी आहे. त्याच्या आधी दोन दिवस निघत असतील तर बघ. हिंगोलीहून गोरेगावची जीप पाचला सुटते.

येऊन स्टुलावर बस आन मोठ्यानं मोज. जेवढे म्हणशील तेवढे. मी परत मोजणार न्हाई.

तुझी आजी,
भागूबाई